नजरेचे थांबे

रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणारा एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे डोळे तपासायला आला. वय चोवीस-पंचवीस, मूळचा मराठवाड्याचा, कारेगावात तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. हातात चार घड्या घातलेला कागद होता. कंपनीने दिलेला मेमो. त्याने तपासून पुढे सोडलेल्या मालात ओरखडे सापडले होते, आणि कारणाच्या रकान्यात ‘कामात दुर्लक्ष’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, “सर, नंबर आलाय का बघा ना.” चष्मा लागला तर निदान सांगायला कारण मिळेल, एवढीच त्याची आशा होती.

मी तक्ता वाचून घेतला. दोन्ही डोळे 6/6. जवळचं बारीक अक्षर खडाखड वाचलं, रंगही बरोबर ओळखले. तसं मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. नजर चांगली निघाली म्हणून वाईट वाटलेला माणूस मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होतो.

मग मी त्याला काम विचारलं. लाईनवर रंग दिलेला पत्रा पुढून सरकत येतो, साधारण दोन फूट लांब, दोन फूट रुंद. एका पिसाला सहा सेकंद. ओरखडा, पोचा, रंगाचा ओघळ दिसला तर बाजूला काढायचा, नाहीतर पुढे जाऊ द्यायचा. आठ तास. माझ्या खोलीत कागदपत्रं ठेवायची एक पत्र्याची पेटी होती. तिच्या झाकणावर बारीक ओरखडा शोध, असं त्याला सांगितलं आणि मी समोर स्टूल घेऊन बसलो. झाकणाकडे मी पाहिलंच नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो.

बुबुळं उड्या मारत होती. इथे थांब, तिकडे उडी. तिथे थांब, खाली उडी. एका सेकंदात तीन वेळा, कधी चार वेळा. झाकणावरून हात फिरवावा तशी नजर फिरते असं आपण म्हणतो, पण त्याची नजर फिरत नव्हती. ती जागोजागी टेकत होती आणि सुटत होती, चिमणी अंगणात दाणे टिपते तशी. सहा सेकंदांत फार तर वीस ठिकाणी ती टेकली असेल. झाकणाचा डावा खालचा कोपरा पूर्ण सुटला. ओरखडा तिथेच होता. मी विचारलं तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला, “सर, सगळं बघितलं.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला सगळं दिसल्यासारखंच वाटलं होतं. हे वाटणं कुठून येतं, त्याचं उत्तर शोधता शोधता या पुस्तिकेची पानं जमत गेली.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पीतबिंदूच्या मध्यभागी एक बारीकसा खळगा असतो. बारीक अक्षर, सुईचं नाक, पत्र्यावरचा ओरखडा हे सगळं नीट दिसतं ते फक्त त्या खळग्यात. हात सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. जेमतेम तेवढ्या जागेचं चित्र त्या खळग्यात मावतं. नखाच्या बाहेर काय आहे ते कळतं, हललं तर लगेच कळतं, पण बारकावा राहत नाही. आत्ता हे वाक्य वाचताना नजर एका शब्दावर रोखून धरा आणि दोन ओळी खालचा शब्द वाचून बघा. जमत नाही.

म्हणून डोळा हा नखाएवढा झोत सतत इकडून तिकडे नेत राहतो. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आहेत, आणि त्यांच्या ओढीने होणारी ही उडी शरीरातल्या सगळ्यांत वेगवान हालचालींपैकी एक आहे. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला पाचशे अंशांच्या पुढे जातो. वाचताना होणारी छोटी उडी सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात संपते. त्यानंतर साधारण पाव सेकंद थांबा. पुन्हा उडी. जागेपणीचे सोळा तास धरले तर दिवसाला दीड लाखाहून जास्त उड्या होतात. हृदयाचे ठोके दिवसाला लाखभर. डोळा त्याच्याही पुढे आहे.

सहा सेकंदांचा हिशेब मी त्या मुलासमोर कागदावर मांडला. हातभर अंतरावर नखाएवढा झोत म्हणजे पत्र्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरचं वर्तुळ. दोन फुटी पत्रा पूर्ण झाकायला अशी हजारभर वर्तुळं लागतील. त्याच्या हाताशी थांबे वीस. ठळक ओरखडा कडेच्या नजरेलाही खुणावतो आणि डोळा आपणहून तिकडे उडी घेतो, म्हणून काम चालतं. बारीक ओरखडा खुणावत नाही. अशा कामात सुटणाऱ्या प्रत्येक पिसाला ‘दुर्लक्ष’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

थांबे कमी पडतात, हे झालं. ते कमी पडल्याचं आपल्याला कळत का नाही, हा खरा प्रश्न.

आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या. पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत, कितीही वेळा करा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते टकाटक हलताना दिसतात. 1898 साली बेनो एर्डमान आणि रेमंड डॉज यांनी वाचनावरच्या अभ्यासात या गोष्टीची नोंद केली, आणि 1900 साली डॉजने त्यावर स्वतंत्र लेख लिहिला: डोळा उडीत असतो तेव्हा आपण जवळजवळ पाहतच नाही. आता हाच प्रयोग मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात करून बघा. तिथे स्वतःचे डोळे हलताना दिसतात! कारण फोनचा पडदा चित्र किंचित उशिरा दाखवतो. तुमची उडी संपून नजर स्थिर झालेली असते, आणि मग पडद्यावर तिची हालचाल येते. शाळेतल्या मुलांना मी हा प्रयोग दाखवतो तेव्हा वर्गात दहा मिनिटं दुसरं काही शिकवता येत नाही.

उडीच्या वेळी दृष्टिपटलावरून अख्खं दृश्य सर्रकन घसरत जातं. कॅमेरा तसा झटक्याने फिरवला तर नुसती फरफट दिसते. आपल्याला ती दिसत नाही, याला एकापेक्षा जास्त कारणं आहेत. उडीच्या आधीचं आणि नंतरचं चित्र स्वच्छ आणि ठसठशीत असतं. त्या दोहोंमध्ये सापडलेली अंधुक फरफट दबून जाते. शिवाय मेंदू त्या वेळेपुरता हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेचा आवाज खाली आणतो. डेव्हिड बर, कॉन्चेटा मोरोने आणि जॉन रॉस यांनी 1994 मध्ये दाखवलं की ही दडपणूक सरसकट नसते. ठोकळ आकारांची हालचाल टिपणारा मार्ग मंदावतो; रंगांचा मार्ग तसाच चालू राहतो.

पण हालचाल आपल्या डोळ्याची आहे, जगाची नाही, हे मेंदूला आधी कळतं कसं? ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याला हे चटकन समजेल. कार्यालयातून आदेश निघतो तेव्हा मूळ पत्र ज्याला काम करायचं त्याला जातं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘प्रत : माहितीसाठी’. डोळ्याच्या स्नायूंना हुकूम सुटतो तेव्हा त्याची अशीच एक प्रत मेंदूच्या पाहणाऱ्या भागांकडे जाते. चित्र आता डावीकडे सरकेल, घाबरू नका, डोळाच उजवीकडे जातो आहे. 1950 मध्ये एरिक फोन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट यांनी माशीवरच्या प्रयोगांतून, आणि त्याच वर्षी रॉजर स्पेरी यांनी पाण्यातल्या माशांवरच्या प्रयोगांतून, ही गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी मांडली. प्रत पोचली नाही तर काय होतं तेही पाहता येतं. एक डोळा झाका, उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला पापणीवरून बोट लावा आणि अगदी हलकेच, पुन्हा सांगतो, अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलते. इथे डोळा बोटाने हलवला, स्नायूंना हुकूम सुटलाच नाही, म्हणून प्रतही निघाली नाही, आणि मेंदूने दोष भिंतीला दिला.

ही प्रत नुसती सूचना देऊन थांबत नाही. 1992 मध्ये जाँ-रेने द्युहामेल, कॅरल कोल्बी आणि मायकेल गोल्डबर्ग यांनी माकडांच्या मेंदूत अशा पेशी नोंदवल्या, ज्या डोळा हलण्याच्या आधीच, डोळा जिथे जाणार आहे तिथल्या दृश्याला प्रतिसाद देऊ लागतात. पाहुणा दाराशी पोचण्याआधी पाट मांडून तयार.

वेळेच्या बाबतीतही मेंदू अशीच जुळवाजुळव करतो. भिंतीवरच्या टिकटिक सेकंदकाट्याच्या घड्याळाकडे अचानक बघा. पुष्कळदा काटा क्षणभर अडकल्यासारखा वाटतो. घड्याळ बंद पडलं की काय, अशी शंका येते आणि मग तो पुढे सरकतो. 2001 मध्ये कीलन यॅरो आणि सहकाऱ्यांनी याचा माग काढला. उडीत गेलेला वेळ मेंदू रिकामा ठेवत नाही. उडीनंतर जे पहिलं दिसलं ते उडी सुरू झाल्यापासूनच दिसत होतं, असं तो आपल्याला भासवतो. माझ्या ‘सगळं बघितलं’ म्हणणाऱ्या मुलाच्या मागे हाच मेंदू उभा होता.

दडपणूक शंभर टक्के नसते, याचा पुरावा गणपतीच्या दिवसांत रांजणगावात जागोजाग टांगलेला असतो. स्वस्तातल्या एलईडी माळा आणि काही वाहनांचे मागचे लाल दिवे सतत पेटलेले दिसतात, पण प्रत्यक्षात भराभर लुकलुकत असतात. घरच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा. रात्री अशा एका दिव्याच्या डावीकडून उजवीकडे झटकन नजर टाका. एका दिव्याचे चार-पाच ठिपके ओळीने उमटलेले दिसतात. उडी पन्नास मिलिसेकंद चालली, तेवढ्यात दिवा पाच वेळा पेटला, आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी होता. अंधारात त्या ठिपक्यांना झाकायला आजूबाजूला दुसरं उजेडाचं चित्र नसतं, म्हणून ते निसटतात. नगर रस्त्याने रात्री दुचाकीवरून येणारे लोक मला विचारतात, डोळ्यात दोष आहे का? नाही. तुम्ही तुमची उडी पाहिली, एवढंच.

या उड्यांचा अभ्यास पुस्तकं वाचणाऱ्या माणसांपासून सुरू झाला. वाचताना डोळा ओळीवरून सुरळीत घसरतो, असं शतकानुशतकं धरून चाललं होतं. 1879 मध्ये पॅरिसच्या एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेतून डोळा हिसके घेत पुढे जातो असं पुढे आलं, आणि हिसक्याला असलेला ‘सॅकेड’ हा फ्रेंच शब्द पुढे जगभर रूढ झाला. त्याच वर्षी प्रागमध्ये एवाल्ड हेरिंग यांनी मिटलेल्या पापणीवर नळी टेकवून डोळ्याच्या स्नायूंचा आवाज ऐकला. तोही तुटक तुटक येत होता. मला या दोघांपेक्षा जवळचा वाटतो तो रशियाचा आल्फ्रेड यार्बुस. त्याने इल्या रेपिन यांचं एक चित्र लोकांपुढे ठेवलं: बऱ्याच वर्षांनी अचानक घरी परतलेला माणूस आणि त्याला पाहून थबकलेलं कुटुंब. एकाच प्रेक्षकाला त्याने वेगवेगळे प्रश्न विचारले. यांची वयं काय असतील? घरची परिस्थिती कशी आहे? हा किती वर्षं बाहेर होता? दर प्रश्नाला नजरेच्या उड्यांचा नकाशा बदलला. वय विचारलं की नजर चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली की सामानसुमानावर. चित्र तेच, डोळे तेच. मनात प्रश्न कोणता आहे त्यावर थांबे ठरले.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने वाचणाऱ्याच्या नजरेच्या नोंदी संगणकाच्या भाषाअभ्यासात वापरल्या: अवघड वाक्यापाशी डोळा किती रेंगाळतो, किती वेळा मागे फिरतो. झोपेतही बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, 1953 पासून स्वप्नांच्या अभ्यासात त्याला मोठं स्थान आहे. पण तो विषय या पुस्तिकेत घेतलेला नाही.

मुंबईचं नाव निघालं तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सर जे. जे. रुग्णालयात मेंदूरोग विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे चालताना तोल जाणारे, बोलताना जीभ जड होणारे रुग्ण येत. आजार पिढीजात होता. अनेक डॉक्टर अशा रुग्णांची चाल तपासतात, हात तपासतात. वाडियांनी त्यांची नजर तपासली. इकडे बघ, आता तिकडे बघ. निरोगी माणसाचा डोळा टुणकन उडी मारतो. या रुग्णांचा डोळा संथ पाण्यावरच्या पानासारखा वाहत वाहत जाई. उडीच नाहीशी झाली होती. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला, आणि मंदावलेली नजर ही या आजाराची खूण जगाला दिली. या आजाराचं जनुक सापडायला 1996 साल उजाडलं. पुढे 1998 मध्ये वाडियांनी भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी करून ती जुनी खूण किती मोलाची होती ते दाखवलं. उडीचा हुकूम जिथून सुटतो त्या मेंदूच्या देठातल्या पेशी या आजारात झडत जातात. असे रुग्ण नजर वळवायला मान झटकतात किंवा पापण्या मिटून उघडतात. उडी उसनी आणतात. यंत्र नाही, खर्च नाही, दोन बोटं आणि समोर बसून पाहण्याची चिकाटी. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे शिकावं म्हणून पुस्तिकेत त्यावर स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. म्हातारा माणूस ताटाकडे नजर खाली नेऊ शकत नाही, जिन्यावर वारंवार पडतो, तेव्हाही ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी त्याच्या नजरेच्या उड्या बघाव्यात.

रस्त्याविषयी मी सगळ्यांत जास्त पानं खर्च केली आहेत. पुणे–नगर रस्ता रांजणगावाच्या अंगावरून जातो. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यातून दुभाजकाच्या फटीतून पलीकडे निघणारे आम्ही. अपघातानंतर एक वाक्य मी कितीदा ऐकलं आहे: “बघितलं होतं हो, रस्ता मोकळा होता.” शंभर मीटरवरून समोर येणारी मोटारसायकल डोळ्याला अर्धा अंशही रुंद दिसत नाही. माणूस उजवीकडे मान फिरवतो, डावीकडे फिरवतो, आणि त्या झटक्यात नजर दोन-तीन लांब उड्या घेते. मोटारसायकल दोन थांब्यांच्या मध्ये सापडली तर ती नखाएवढ्या झोतात येतच नाही, आणि उडीतल्या तेवढ्या पट्ट्याची जागा मेंदू मोकळ्या रस्त्याने भरून टाकतो. ताशी 60 किलोमीटरने ती शंभर मीटर सहा सेकंदांत पार करते. म्हणून मी मुलांना शिकवतो ते असं: मान फिरवू नका, नजर टेकवा. आधी जवळ, मग मध्ये, मग लांब. तिन्ही ठिकाणी नजर थांबली पाहिजे. मग दुसरी बाजू. मग पहिली बाजू पुन्हा एकदा. याला चार-पाच सेकंद लागतात, मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या.

आता रांजणगावच्या महागणपतीच्या देवळाकडे यायला हवं, कारण हा विषय लोकांना समजावताना मला सर्वांत जास्त उपयोग दर्शनाच्या रांगेचा झाला. चतुर्थीला तास दोन तास रांगेत उभं राहून देवापुढे मिळतात तीन-चार सेकंद. म्हणजे दहा-बारा थांबे. आसन घातलेली पूर्वाभिमुख मूर्ती, रुंद कपाळ, डावीकडे वळलेली सोंड, दोन्ही अंगांना ऋद्धी-सिद्धी. बाहेर आल्यावर मी लोकांना विचारत असे, आज काय पाहिलंत? कुणी मुकुट सांगे, कुणी फुलांचा हार. एक आजी दरवेळी फक्त डोळ्यांबद्दलच बोलत. शेजारच्या ऋद्धी-सिद्धी दिसल्या का विचारलं की म्हणत, “मी त्यांच्याकडे गेलेच नाही बाळा, मला वेळ कुठला पुरतोय.” आपले दहा-बारा थांबे कुठे खर्च करायचे हे त्या रांगेत उभ्या असतानाच ठरवत होत्या.

तो मेमोवाला मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा आला. लाईनच्या वेळेत बदल झाला नव्हता, सहा सेकंद सहाच होते. पण त्याने सुपरवायझरला सांगून वरची ट्यूबलाईट काढून पत्र्याच्या कडेने, तिरप्या अंगाने लावून घेतली होती. तिरप्या उजेडात ओरखडा चमकतो आणि कडेच्या नजरेला बोलावतो. आणि त्याने पत्र्याचे मनाशी चार भाग केले होते. प्रत्येक भागात ठरावीक थांबे, नेहमी त्याच क्रमाने, डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात. ते दाखवायला त्याने माझ्या पेटीचं झाकण पुन्हा मागितलं. मी स्टूल ओढून त्याच्या समोर बसलो.